पंधरा वर्षांचा अनुभव

३ मार्च

चि. भिंगरीस,

चि. लिहिलं ते हाताच्या सवयीने. पुढे आशीर्वाद लिहिलेला नाही, तो शोधत बसू नकोस.

तुझं दुकान माझ्या दुकानापासून शंभर पावलांवर, आणि मला पत्र लिहावं लागतंय. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही असं मी तीन वर्षांपूर्वी चारचौघांत बोलून बसले आहे. तेव्हा ही चिठ्ठी शटरखालून सरकवते. कागद पाहून नाक मुरडू नकोस. जुन्या भेटचिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठी आहेत. घर दाखवून झालं की गिऱ्हाइकाची आणि दाखवणाऱ्याची सही घ्यायची, त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे माझ्याकडे माळाभर पडलेत. एक बाजू कोरी असलेला कागद फेकून द्यायला मी काही कुठली साहेबीण नाही.

मुद्द्यावर येते. काल माझ्याकडे परवाना कार्यालयाचा निरीक्षक आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात पट्टी. शाळेतल्या पोरांची असते तसली पट्टी! त्याने शिडी मागितली, वर चढला आणि माझ्या पाटीवरची अक्षरं मोजली. खाली उतरून हात झटकत म्हणाला, "आजी, नाव आहे, धंदा आहे, फोन आहे. परवाना क्रमांक नाही."

"अरे, ही पाटी रंगवली तेव्हा तुला दुधाचे दात होते," मी म्हटलं. "माझा क्रमांक अख्ख्या गल्लीला पाठ आहे."

"गल्लीला असेल. पाटीला नाही."

आणि फाडली की नोटीस! किरकोळ उल्लंघन, दंडाच्या तक्त्यातला चौथा नंबर. दंड म्हणशील तर बऱ्यापैकी चपलांच्या एका जोडीएवढा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही गं, काळ सोकावतो. घरं दाखवायला लागून अडतीस वर्षं झाली. चौथीतून शाळा सुटलेली बाई मी, कायद्याचं पुस्तक एक एक ओळ बोटाने वाचून परीक्षा दिली. आजवर माझ्या नावाच्या फाइलीत एक डाग नव्हता.

आता मला सांग, त्या पाटीवर नंबर नाही हे कुणाला ठाऊक? दर वर्षी कोण माझ्या मागे लागायचं, "आत्या, पेंटरला बोलावू, नंबर टाकून घेऊ" म्हणून? बारा वर्षं मी तुला हाताला धरून हा धंदा शिकवला आणि तू कार्यालयात जाऊन माझंच नाव सांगितलंस. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

बाकी काही नाही. तुझ्या दुकानाच्या पायरीची फरशी हलते. काल एक गिऱ्हाईक अडखळताना मी इथून पाहिलं. सिमेंट लावून घे. कुणी पडलं तर त्याचीही नोटीस येईल.

आत्या


९ मार्च

भिंगरे,

तुझं उत्तर मिळालं. मोजून सात शब्द. "मी तक्रार केली नाही. पत्रं पाठवू नकोस." जणू तारच केलीस. सातातले तीन तर मलाच हुकूम सोडायला खर्च केलेस.

तू नाही तर मग कोण? पाटी स्वतः चालत गेली कार्यालयात? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता एवढी साधी असशील तर आणखी एक विचारते. तुझा तो गुळगुळीत कागद माझ्याही दाराखालून आलाय. वाटणाऱ्याला सांगितलं नव्हतंस वाटतं, या दारात टाकू नको म्हणून. वर तुझा फोटो. फोटो बरा आलाय, वाळलेली दिसतेस तेवढं सोडून. खाली ठसठशीत अक्षरात: "घरखरेदीतला पंधरा वर्षांचा अनुभव".

पंधरा? तुझा परवाना नऊ वर्षांचा. मला तारीखवार पाठ आहे. त्या दिवशी कार्यालयाच्या रांगेत मी तुझ्याबरोबर उभी होते आणि माझ्या गुडघ्याचे हाल झाले होते. मग वरची सहा कुठून आणलीस? पाळण्यातून मोजायला लागलीस का? दुसऱ्याच्या पाटीवरचं कुसळ दिसतं, आपल्या कागदावरचं मुसळ दिसत नाही.

लोक वाचतात हो. कुणीतरी कार्यालयाला विचारेल एक दिवस. मी विचारेन असं म्हणत नाही. मला दुसरी कामं आहेत.

पायरी अजून हलतेच आहे.

आत्या


२५ मार्च

भिंगरे,

आज निरीक्षक पुन्हा आला होता, पाटी सुधारली का ते पाहायला. पेंटरने नंबर टाकलाय, पण जागा नव्हती म्हणून अगदी खालच्या कडेला. सदऱ्याखालून बनियन दिसावं तसा दिसतो. निरीक्षकाने पुन्हा पट्टी लावली आणि "चालेल" म्हणाला. त्याला पाणी दिलं, बसवलं. माणूस वाईट नाही. चपला दारात काढून आला.

मी म्हटलं, "आता खरं सांगा, माझी चुगली कुणी केली?"

तो हसायलाच लागला. "आजी, चुगली कसली? या भागातल्या सगळ्या एजंटांच्या पाट्या तपासायचा हुकूम निघालाय. तुमच्या पलीकडच्या गृहस्थांचा परवाना भिंतीवर होता, पण कॅलेंडरच्या मागे. त्यांनाही फाडली." पलीकडचे म्हणजे आपला पोपट, गिऱ्हाइकाचं प्रत्येक वाक्य दोनदा म्हणणारा. "कोपऱ्यावरच्या बाईंचं मात्र सगळं जागच्या जागी होतं," तो म्हणाला.

कोपऱ्यावरच्या बाई म्हणजे तू.

तेव्हा माझं चुकलं. लिहिलं. एकदा लिहिलं ते पुरे, रोज उठून गिरवणार नाही. आणि माझं एक चुकलं म्हणून तुझं सगळं बरोबर होत नाही, हेही लिहून ठेवते. तीन वर्षांपूर्वी दुपारी जेवणाच्या वेळी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकून, "उद्यापासून येणार नाही" एवढं बोलून निघून गेलीस. मोलकरीण काम सोडते तीसुद्धा महिनाभर आधी सांगते.

निरीक्षकाने बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. किरकोळ नोटिसा एका वर्षात तीन झाल्या, की त्या किरकोळ राहत नाहीत. तक्ता संपतो आणि सुनावणी लागते. परवाना वर्षभर गोठवतात, म्हणजे वर्षभर कुणाला घराचं दारसुद्धा उघडून दाखवायचं नाही. मला हे माहीत नव्हतं. माझ्यावर कधी वेळच आली नव्हती ना.

तुझ्या या वर्षात काही नोटिसा आहेत का? सहज विचारते.

आणि त्याला मी आणखी एक विचारलं, एका ओळखीच्या बाईसाठी. एखादी तक्रार रागाच्या भरात टपालात टाकली, तर ती मागे घेता येते का? तो म्हणाला, एकदा नोंद झाली की ती कार्यालयाची, तक्रारदाराची नाही.

पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल. नोटिसांचं तेवढं कळव.

आत्या


१४ एप्रिल

भिंगरे,

उत्तर आलं नाहीच. पण काल तुझा बाप येऊन गेला, ते तू पाठवलंस म्हणून की तुला न सांगता, ते त्याने सांगितलं नाही. माझा भाऊ म्हणजे शब्दागणिक भाडं पडतं असं वागणारा माणूस. लहानपणी आई म्हणायची, याला बोलतं करायचं तर चिमटा काढावा लागतो. काल चिमटा न काढता बोलला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की पाणी डोक्यावरून गेलंय.

स्टुलावर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "ताई, पोरीला तिसरी आली."

"तिसरी काय?"

"नोटीस. पहिली दुकानाचा पत्ता बदलला ते अकरा दिवस उशिरा कळवलं म्हणून. दुसरी, घर विकून झालं तरी बाहेर 'विकणे आहे'ची पाटी महिनाभर लटकत राहिली. आणि आता ही. कुणीतरी लिहून कळवलंय, अनुभव खोटा छापला म्हणून."

मी टेबलावरच्या भेटचिठ्ठ्या सारख्या करत राहिले.

"सुनावणी लागणार. नव्या इमारतीची सगळी घरं विकायचं काम तिला मिळालंय, पहिलंच मोठं. परवाना गोठला की ते गेलं. दुकान भाड्याचं, तेही जाणार. रात्रंदिवस राबून उभं केलंय गं पोरीने." मग बराच वेळ टोपीची शिवण चाचपत बसला. "ताई, कोण असेल गं असं?"

"असेल कुणी. धंद्यात शत्रू काय कमी असतात?"

"कीड लागो त्याच्या हाताला."

"शिव्याशाप देऊ नये रे कुणाला," मी म्हटलं. तेवढंच जमलं.

आता तू ऐक. रडत बसायची ही वेळ नाही आणि माझ्यावर फुगून बसायची तर अजिबात नाही. उत्तर द्यायला तीस दिवस असतात. लिही की छपाईची चूक झाली, नवाचे पंधरा झाले. छापखान्यावर ढकल. कागद सगळे गोळा केले म्हणून सांग. हात जोडल्यासारखं लिही, तुला ते जमत नाही हे ठाऊक आहे, पण लिही. आणि काय गं, पत्ता वेळेवर कळवायला कुणी हात धरला होता तुझा? विकलेल्या घराची पाटी त्याच संध्याकाळी उतरवायची, हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. शिकवलेलं सगळं माझ्या दुकानात ठेवून गेलीस की काय?

जाताना तुझ्या बापाने पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावला. पूर्वी लावत नव्हता. त्याचे डोळे तपासून घे.

आत्या


२३ एप्रिल

भिंगरे,

काल तू आलीस. तीन वर्षांनी आलीस आणि पाच मिनिटांत गेलीस. तू तुझ्या बापाला एक सांगशील, मी एक सांगेन, आणि तो बिचारा दोघींच्या मध्ये टोपी चाचपत बसेल. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते. खोटं वाटलं तर फाडून टाक.

माझ्यासमोर एक नवराबायको बसले होते, दोन खोल्या शोधणारे. तू दारात थांबलीस, त्यांचं होईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. बाई उठताना तिची छत्री खुर्चीला अडकली, ती तू सोडवून दिलीस. ते दोघे गेल्यावर टेबलावर एक झेरॉक्स ठेवलीस.

"आत्या, अक्षर ओळखीचं वाटतंय का?"

तक्रारदाराचं नाव कार्यालयाने काळ्या पट्टीने झाकलं होतं. अक्षर कोण झाकणार?

मी म्हटलं, "बरं. मीच लिहिलं. पाटीची नोटीस मिळाली त्याच्या तिसऱ्या दिवशी. मला वाटलं तू माझं नाव दिलंस."

"ते नंतर कळलं ना तुला? महिना झाला."

"कळलं."

"आणि तरी गप्प बसलीस. वर बाबांना सांगितलंस शिव्याशाप देऊ नये म्हणून. मला शिकवलंस छापखान्यावर ढकल म्हणून."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग तू ती झेरॉक्स उचललीस आणि खिडकीच्या काचेवर धरलीस.

"तुझी काटकसर, आत्या! तक्रारसुद्धा भेटचिठ्ठीच्या पाठीवर लिहिलीस. कागद पातळ. मागचं उलटं उमटलंय. बघ, कोण आहे ते."

मी चष्मा लावला. अक्षरं आरशातल्यासारखी होती, पण सही ओळखली. गोल गोल, प्रत्येक अक्षराला वेलांटीसारखी शेपटी. तू एकोणीस वर्षांची असताना करायचीस ती सही. घर दाखवणारी: तू. तारीख: तू कामाला लागलीस त्याच वर्षाची. परवाना मिळायच्या कितीतरी आधीची.

"त्यांनी पाहिलं नाही," तू म्हणालीस. "त्यांना पुढची बाजू पुरली. मी त्यांना फक्त एवढंच म्हणायचं की मूळ कागद उलटा करून बघा. माझी पंधरा वर्षं खरी ठरतात. नोटीस रद्द."

"मग म्हण की!" मी म्हटलं. तोंडाने म्हटलं.

"आणि तू? परवाना नसलेल्या मुलीला सहा वर्षं एकटीला घरं दाखवायला पाठवलंस. ते तक्त्यातलं किरकोळ नाही, आत्या. त्याला पहिल्याच वेळी सुनावणी आहे." आणि हसलीस. तुझं ते हसू मला आवडलं नाही. "घाबरू नकोस. नाही म्हणणार."

"उपकार करतेस?"

"उपकार? जिथे जाते तिथे लोक विचारतात, त्या आजींची भाची ना तुम्ही? माझं दुकान तुझ्या नावावर चालतं म्हणतात. आता सुटले तर तीही तुझ्याच चिठ्ठीवर? नको. बुडायचं तर माझी मी बुडेन."

दारापर्यंत गेलीस आणि वळलीस.

"एक सांग. परीक्षेच्या फॉर्मवर तुझी सही लागायची. दर वर्षी नवा फॉर्म आणून देत होते. दर वर्षी हरवला म्हणायचीस. एवढ्याशा ड्रॉवरात पाच फॉर्म हरवतात कसे?"

माझं उत्तर ऐकायला थांबली नाहीस. उतरताना माझ्या पाटीकडे मान वर करून पाहिलंस, ते मी पाहिलं.

आत्या


३ मे

भिंगरे,

दहा दिवस उत्तर जुळवत होते. आता ऐक.

फॉर्म हरवला नव्हता. पण तू म्हणतेस तसंही नव्हतं. पहिल्या वर्षी मी खरोखर विसरले. तू नवखी होतीस, स्वयंपाकघराचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे गिऱ्हाइकाला सांगताना स्वतःच गोल फिरायचीस, म्हणून तर भिंगरी. अशा पोरीला परीक्षेला बसवून नापास करायचं का? दुसऱ्या वर्षी माझं गुडघ्याचं दुखणं. तिसऱ्या वर्षी बाजार मंद. मी तुझ्या भल्याचंच पाहत होते. परवाना मिळाला असता तर कुणीतरी मोठ्या दुकानवाल्याने तुला उचललं असतं आणि दोन वर्षांत चिपाड करून फेकलं असतं. "वेळेवर सही केली असतीस तर आज मी कुठे असते," असं तू म्हणशील. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. असत्यानसत्याच्या गोष्टी करून कुणाचं घर विकलं जात नाही.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी वाचून पाहिलं. गिऱ्हाइकाला ओल आलेली भिंत दाखवताना कपाट पुढे सरकवतात, तसं लिहिलंय.

ठीक आहे, कपाट हलवते. त्या दोन बहिणी आठवतात, म्हाताऱ्या, घर विकून एकत्र राहायला जाणाऱ्या? मी त्यांच्या घरी सात गिऱ्हाइकं नेली, एकाने होय म्हटलं नाही. तू एका बाईला घेऊन गेलीस. कुठली खोली किती मोठी ते सांगितलंच नाहीस. तिला जिन्यात खिडकीजवळ बसवलंस आणि गप्प राहिलीस. तिने त्याच दिवशी घर घेतलं. मग बहिणी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ती मुलगी फार गुणाची. यापुढे कुणी आलं तर तिलाच पाठवा." माझ्या तोंडावर! मी हसले, म्हटलं हो हो. त्या संध्याकाळी तुझा त्या वर्षीचा फॉर्म ड्रॉवरात सगळ्यात खाली सरकवला.

आणि सही केली ती कधी? सहाव्या वर्षी कार्यालयाने दुकानं तपासायला सुरुवात केली तेव्हा. सापडू या भीतीने केली. तुला वाटलं आत्याला पाझर फुटला, तू माझ्या गळ्यात पडलीस. मी पडू दिलं.

हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. मलाही तुझा राग आहेच. मला तुझे उपकार नकोत. "नाही म्हणणार" म्हणे! या वयात माझी लाज कुणी पदराखाली झाकून फिरावी, एवढी मी अजून मोडलेली नाही. तू बुडायची मिजास दाखवतेस ती कुणापुढे? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पीळ कुणाचा आहे ते मला ठाऊक आहे, सांगू नकोस.

तुझ्या उत्तराची मुदत तेरा तारखेला संपते. तू काही लिहू नकोस. छापखान्याचं तर मुळीच लिहू नकोस.

आत्या


२९ मे

भिंगरे,

काल तुझ्या बापाने तुझा निरोप आणला. "तिला कुणी सांगितलं होतं?" कुणीही नाही. मला कुणी काही सांगावं अशी माणसं माझ्या आयुष्यात फार टिकली नाहीत, तुला माहीत आहे.

अकरा तारखेला गेले होते कार्यालयात. खिडकीवर एक बाई होती. तिने माझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. "आजी, तक्रारही तुमचीच आणि कबुलीही तुमचीच?"

"दोन्ही माझ्याच. पोच दोन्हींची द्या."

"तुम्हाला कुणी विचारलेलं नाही अजून. घरी जा. असं कुणी करत नाही."

"म्हणूनच तुमच्याकडे या कामाचा छापील फॉर्म नसेल," मी म्हटलं. पण होता. फॉर्म सगळ्याचा असतो. तिने मला आत साहेबांकडे पाठवलं. साहेब म्हणजे तुझ्या वयाची मुलगी, टेबलावर रोपटं, तेही पाण्यावाचून सुकलेलं. तिने आधी विचारलं, माझ्यावर कुणी दडपण आणलंय का, भाचीने वगैरे. मी म्हटलं, "बाई, माझ्यावर दडपण आणणारं माणूस अजून जन्माला यायचंय. आणि भाची? तिला कळलं तर भांडायला येईल."

फॉर्मवर रकाने होते. परवाना नसलेल्या व्यक्तीचं नाव. किती काळ. कोणतं काम. हे सगळं भराभर लिहिलं. मग खाली तीन ओळी कोऱ्या, आणि वर छापलेलं: कारण.

पेन हातात धरून बसले. अडतीस वर्षांत कुठल्या कागदावर मी एवढी अडले नाही. शेवटी लिहिलं: "ती माझ्यापेक्षा चांगली घरं दाखवत होती. परवाना मिळाला असता तर ती मला सोडून गेली असती."

साहेबीणबाईंनी वाचलं. म्हणाल्या, "हे वैयक्तिक झालं, आजी. इथे धंद्याचं कारण लिहायचं असतं."

"धंद्याचं कारण नव्हतं," मी म्हटलं. "असतं तर तेच लिहिलं असतं."

त्यांनी तसंच ठेवलं. निघताना मी त्या रोपट्याला माझ्या बाटलीतलं पाणी घातलं.

तुझी तिसरी नोटीस रद्द झाली, त्याचं पत्र तुला मिळालंच असेल. पण दोन अजून नावावर आहेत, तेव्हा डोळे उघडे ठेव आणि फार हवेत जाऊ नकोस. माझी सुनावणी परवा झाली. वर्षभर परवाना गोठवला. एकाहत्तर वर्षांच्या बाईला एक वर्ष म्हणजे काय, ते त्यांच्या तक्त्यात लिहिलेलं नाही. मी ओरडले नाही. पेंटर मात्र ओरडला. नुकताच टाकलेला नंबर तीन महिन्यांत पुसायचा म्हणून.

नियम असा आहे की माझ्याकडच्या घरांच्या किल्ल्या वर्षभरासाठी दुसऱ्या परवानाधारकाला लेखी सोपवायच्या. चौदा घरं होती. सगळी पोपटाला दिली. तुला एकही नाही. तुझ्या बापाने तोंड वाकडं केलं, तेवढ्यासाठी हे लिहिते. तू माझ्याच दुकानात उभी राहून म्हणालीस की माझ्या नावावर काही नको. मग नाही दिलं. उद्या त्या नव्या इमारतीतली सगळी घरं विकलीस, तर म्हातारीने किल्ल्या दिल्या होत्या म्हणून विकली, असं कुणाला म्हणता येणार नाही. माझी तुझ्यावरची नाराजी आहे तशीच आहे. जेवणाच्या वेळी किल्ल्या टाकून जाणं मी विसरलेले नाही.

चौदातली एक मालकीण फार चिवट. मी किल्ली पोपटाच्या हातात ठेवत होते, तर म्हणाली, "अहो, घरची भाची कोपऱ्यावर असताना परक्याला कशाला? तिला मदत नको का व्हायला?"

मी म्हटलं, "तिला माझी गरज नाही."

पोपटाने ते दोनदा म्हटलं, त्याच्या सवयीने. मी तिथेच उभी राहिले. म्हणायला अगदी सोपं वाक्य होतं गं. पंधरा वर्षांपूर्वी म्हणता आलं असतं, तर एका सहीत भागलं असतं.

आत्या